पहिलारू डुकरीण : तिचा माज व तिचा आहार

गेल्या पावसाळ्यांत बदलापूरलगतच्या खरवई गांवांतील एका सभासदांचा आम्हांस निरोप आला. त्यांच्या वाड्यांत पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या सहा तरुण माद्या होत्या. वय आठ महिन्यांच्या आसपास. निरोपांत असें होतें कीं, सहाहि माद्यांची निरण महिनाभर सुजून लाल झाली आहे, म्हणजे त्या माजावर आहेत हें उघड दिसतें. परंतु नर जवळ गेला कीं ओरडून पळतात. तेव्हां त्या वांझ निघाल्या असें समजून खाटकास द्याव्या कीं आणखी कांहीं दिवस पोसाव्या, याचा मंडळानें सल्ला द्यावा. गिऱ्हाईक ठरलें होतें व सौद्यास चार दिवसांचा अवकाश होता. आम्ही दुसऱ्याच दिवशीं तेथें गेलों. काय आढळलें तें पुढें योग्य स्थळीं सांगूं. परंतु परत येतांना मनांत आलें कीं, तरुण मादीच्या फळण्याविषयींचे बहुतेक सगळे घोटाळे या एका प्रकरणांत एकत्र झाले आहेत. सबब ज्या सभासदांनीं अलीकडे हा धंदा धरला आहे त्यांच्यापुढें हा विषय सविस्तर मांडावा.

वराहपालन म्हटलें कीं नाक मुरडणारे वाचक अजूनहि पुष्कळ आहेत. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, कैकाडी व वडार समाजांतील ज्या कुटुंबांनीं हा धंदा पिढ्यान् पिढ्या केला त्यांनीं तो कोणाच्या शाबासकीसाठीं केला नाहीं, आणि त्यांच्यांतील जुन्या माणसांस माजाची जी पारख आहे ती पुस्तकें वाचून येणारी नव्हे. देशांतील डुकरांची संख्या मात्र घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेंत ती एक कोटी तीन लाखांच्या घरांत होती; २०१९ च्या गणनेंत ती सुमारें नव्वद लाख साठ हजार भरली. २०२१ सालीं केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानांत वराहपैदाशीच्या केंद्रांस पन्नास टक्के भांडवली अनुदानाची सोय करण्यांत आली, व तेव्हांपासून शिकलेले तरुणहि या धंद्याकडे वळूं लागले. त्यांच्यापाशीं भांडवल असतें, पक्का गोठा असतो, चांगल्या जातीचीं जनावरें असतात. नसते ती एकच गोष्ट : मादी माजावर केव्हां आली हें ओळखण्याची संवय.

ज्या मादीस अजून एकदांहि पिलें झालीं नाहींत, व जी आतां पहिल्या वेताकरितां राखून ठेविली आहे, तिला या लेखांत आम्ही पहिलारू म्हणूं. खर्चाचा हिशेब आधीं पाहावा. पहिलारूस दररोज सुमारें सव्वादोन किलो कोरडा खुराक लागतो. डुकरिणीचा माज एकवीस दिवसांनीं फिरून येतो. म्हणजे एक माज चुकला कीं सत्तेचाळीस किलो खुराक फुकट गेला. सहा माद्यांचा चुकला तर दोनशें ऐंशी किलोंहून अधिक. गाईचा माज चुकला तर तिच्या खाण्यांत थोडा तरी गवताचा वांटा असतो. डुकरिणीचें तसें नाहीं. ती खाते तें सारें विकतचें.

माज म्हणजे काय व तो कसा ओळखावा

यॉर्कशायर किंवा तिच्या संकरापासून झालेली मादी साडेपांच ते सात महिन्यांच्या वयांत पहिल्यानें माजावर येते. गांवठी मादी लहान अंगाची असते, व पुष्कळदां त्याहून लौकर वयांत येते. पहिलारूचा माज दीड ते दोन दिवस टिकतो. दोन-तीन वेतें झालेल्या डुकरिणीचा दोन ते तीन दिवस. हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ज्या गोठ्यांत दिवसांतून एकदांच पाहणी होते तेथें जुन्या डुकरिणी सांपडतात आणि पहिलारू निसटतात.

माजाच्या आधीं दोन-तीन दिवस निरण सुजते व लाल होते. मादी अस्वस्थ होते, कमी खाते, दुसऱ्या माद्यांवर चढूं पाहते. परंतु हा खरा माज नव्हे, ही त्याची वर्दी होय. खऱ्या माजांत सूज उलट थोडी उतरूं लागते, निरणींतला स्राव चिकट होतो, कान टवकारले जातात, आणि मुख्य खूण ही कीं, पाठीवर दोन्ही हातांनीं भार दिला असतां मादी खांबासारखी स्थिर उभी राहते. हिला आम्ही 'ठाण' म्हणतों. नर समोर असेल किंवा त्याचा वास येत असेल तर ठाण स्पष्ट मिळतें. एरवीं माजावर असलेल्या माद्यांपैकींहि बऱ्याच नुसत्या माणसाच्या हाताला ठाण देत नाहींत. ठाण मिळाल्याशिवाय माज म्हणूं नये. लाली व सूज पाहून जो नर सोडतो तो पहिलारूस घाबरवितो, आणि एकदां घाबरलेली मादी पुढच्या वेळीं खऱ्या माजावर असतांनाहि नराला अंगाशीं येऊं देत नाहीं.

अंडाशयांतून बीजें सुटतात तीं माजाच्या आरंभीं नव्हे. माजाचा सुमारें दोन-तृतीयांश काळ उलटल्यावर तीं सुटतात. म्हणून पहिलारूस ठाण मिळाल्यापासून बारा तासांनीं एकदां व चोवीस तासांनीं पुनः एकदां भरवावें. सकाळीं ठाण मिळालें तर त्याच सायंकाळीं व दुसऱ्या दिवशीं सकाळीं, असा सोपा हिशेब ठेवावा.

पहिल्याच माजावर भरवूं नये, हें जुनें मत आजहि कायम आहे, आणि त्याला कारण आहे. पहिल्या माजाला जितकीं बीजें सुटतात त्याहून दुसऱ्याला अधिक व तिसऱ्याला बहुधा आणखी अधिक सुटतात. शिवाय मादीचें अंगहि भरलेलें असावें लागतें. आपल्याकडील हवेंत व खुराकांत वाढलेली यॉर्कशायर मादी आठ महिन्यांची व नव्वद ते शंभर किलो वजनाची झाली म्हणजे भरवावी. विलायती पुस्तकांत एकशें पस्तीस किलो व त्याहून अधिक वजन दिलेलें असतें. तें त्यांच्या आजच्या मोठ्या अंगाच्या जातींस लागू आहे; तें पाहून आपली मादी वर्षभर बसवून ठेवूं नये.

आहार

आपल्या भागांत, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यांत, डुकरांचा मुख्य खुराक म्हणजे हॉटेलांतील व खानावळींतील खरकटें. तें स्वस्त पडतें, म्हणून आम्ही त्याला नांवें ठेवीत नाहीं. परंतु त्याचा स्वभाव ओळखावा. ओल्या खरकट्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असतें. दहा किलो खरकटें घातलें तर मादीच्या पोटांत कोरडा अंश दोन-अडीच किलोच गेला; तोहि बहुतेक भात, पाव व तेल. अशा खाण्यानें चरबी चढते, परंतु प्रथिनें, त्यांतहि लायसीन नांवाचें जें आवश्यक अम्ल आहे तें, आणि चुना, जस्त वगैरे खनिजें कमी पडतात. डोळ्यांस मादी गुबगुबीत दिसते व धनी समाधानांत असतो. आंत अंडाशय मात्र झोपलेलें. अंगावर चरबी आहे म्हणून मादी माजावर येईलच असें नाहीं, व फार रोडावलेली तर बहुधा येतच नाहीं. बोटांनीं दाबल्यावर बरगडी लागावी पण डोळ्यांस दिसूं नये, अशी अंगलट चांगली.

ज्यांस मिश्र खुराक घरीं करावयाचा असेल त्यांनीं शंभर किलोंस पुढील प्रमाण धरावें : भरडलेला मका पन्नास किलो, तांदळाचा कोंडा तीस, भुईमुगाची पेंड बारा, मासळीची कुटी सहा, खनिज मिश्रण दीड व मीठ अर्धा किलो. यांत प्रथिनें सुमारें सोळा टक्के पडतात. मासळीची कुटी खारवलेल्या सुकटीची असेल तर वरून मीठ घालूं नये. डुकरास मीठ अधिक झालें व पाणी कमी पडलें तर तें झटके येऊन मरतें. सरकीची पेंड टाळावी. तींतील गॉसिपॉल नांवाचें द्रव्य डुकरास बाधक आहे. खरकट्यावरच भागवावयाचें असल्यास वरील मिश्रणांतून दररोज किलो-सव्वाकिलो तरी पहिलारूस वेगळें द्यावें. रताळ्याचा वेल, शेवरी किंवा लसूणघास मिळेल तसा घालावा. हिरव्यानें जीवनसत्त्वांची तूट बरीचशी भरून निघते.

खरकटें उकळल्यावांचून कधींहि घालूं नये, निदान अर्धा तास तरी तें कढलें पाहिजे. २०२० सालीं आसाम व अरुणाचल प्रदेशांत आफ्रिकन वराहज्वर देशांत प्रथमच आढळला, व पुढें तो इतर राज्यांतहि पसरला. त्याचा विषाणू डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाच्या तुकड्यांतून गोठ्यांत शिरतो. एकदां शिरला कीं कोणतें औषध चालत नाहीं. खरवईस औद्योगिक वसाहत जवळ असल्यानें कारखान्यांतील रिकामीं पिंपें स्वस्त मिळतात व खरकटें आणण्यास हौसेनें वापरलीं जातात. हेंहि करूं नये. पिंपांत पूर्वीं काय होतें हें विकणाऱ्यासहि ठाऊक नसतें.

आतां भरविण्यापूर्वींच्या खुराकाविषयीं. मेंढ्यांस भरविण्यापूर्वीं कांहीं दिवस चांगल्या कुरणांत सोडण्याची चाल इंग्लंडांत जुनी आहे. तेंच तत्त्व डुकरिणींस लागू पडतें. अपेक्षित माजाच्या आधीं दहा ते चौदा दिवस रोजच्या खुराकांत एक ते दीड किलोची वाढ करावी. या वाढीव पिष्टद्रव्यानें रक्तांतील इन्सुलिन वाढतें, मेंदूच्या तळाशीं असलेली पियूषिका ग्रंथि आपले स्राव अधिक सोडते, आणि अंडाशयांतील जीं बीजकोशें एरवीं मध्येंच सुकलीं असतीं त्यांपैकीं कांहीं टिकून पक्व होतात. मात्र येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या मादीस आधीं मोजून खुराक मिळत होता तिलाच या वाढीचा फायदा दिसतो. जी आधींपासूनच पोटभर खात आली आहे तिच्या बीजांची संख्या यानें वाढत नाहीं, फक्त खर्च वाढतो. हा उपाय म्हणजे उणीव भरून काढणें होय. चांगल्याहून अधिक चांगलें करण्याची ती युक्ति नव्हे.

आणि भरविल्याच्या दिवशीं हा वाढीव खुराक बंद. आमच्या कित्येक सभासदांची समजूत उलट आहे. मादी भरली म्हणजे आतां दोन जिवांची झाली, तेव्हां तिला भरपूर घालावें. ही माया पिलांच्या मुळावर येते. पहिले कांहीं दिवस फार खाऊं घातलें तर यकृतांतून रक्त जोरानें वाहतें व गर्भ धरून ठेवणारा प्रोजेस्टेरोन नांवाचा स्राव तितक्याच वेगानें नष्ट होतो. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत १९९० नंतरच्या दशकांत पहिलारूंवर झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, भरविल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच खुराक आवरला तर गर्भ अधिक टिकतात. आवरण्यास दोन दिवस उशीर झाला तरी फरक पडतो. म्हणून पहिला महिनाभर दोन किलोंच्या आसपासच ठेवावा. दोन जिवांचा हिशेब शेवटच्या महिन्यांत करावा. पिलें खरीं वाढतात तीं तेव्हांच.

बुरसलेला मका

खरवईच्या वाड्यांत आम्ही पोहोंचलों तेव्हां माद्या खरोखरच सुजलेल्या होत्या. परंतु एकीनेंहि ठाण दिलें नाहीं. शिवाय एक गोष्ट मनाला पटेना : सहाहि माद्या एकाच वेळीं व महिनाभर सलग माजावर कशा राहतील? माज दोन दिवसांचा. सहाजणींचा एकाच दिवशीं आला असें मानलें तरी तिसऱ्या दिवशीं सूज उतरावयास पाहिजे होती. कोंपऱ्यांत चार महिन्यांच्या पिलांचा कप्पा होता. त्यांतील माद्यांचीहि निरण सुजलेली दिसली. चार महिन्यांचें पिलूं माजावर येत नसतें. तेव्हां आम्हीं मक्याचें पोतें उघडण्यास सांगितलें.

पोत्यांत वरचा मका ठीक होता. हात खोल घातला तर आंत ऊब लागली, दाणे एकमेकांस चिकटलेले, टोंकांशीं गुलाबी-पांढरी बुरशी, आणि वास आंबट. मालकांनीं सांगितलें कीं, जूनच्या अखेरीस स्वस्त मिळाला म्हणून दहा पोतीं घेऊन ठेविलीं होतीं, तीं थेट जमिनीवर, भिंतीला लावून.

फ्यूझेरियम जातीच्या बुरशीपासून झिआरॅलेनोन नांवाचें एक द्रव्य तयार होतें. त्याची घडण मादीच्या अंगांतील माजाच्या स्रावासारखीच काम करणारी. सर्व पाळीव जनावरांत डुकरीण, आणि त्यांतहि तरुण डुकरीण, त्याला सर्वांत लौकर बळी पडते. लहान माद्यांची निरण सुजते, स्तनाग्रें मोठीं दिसतात, नजरेला माज भासतो, परंतु अंडाशयांत कांहींच घडत नाहीं. ज्या मादीस माज सुरू झाला आहे तिच्यांत याच विषानें उलटा परिणाम होतो. माज येण्याचा बंद होतो, व गाभण नसतांना ती गाभण असल्यासारखी महिने काढते. मका शिजविल्यानें हें विष जात नाहीं. भुईमुगाच्या पेंडीवर वाढणारी बुरशी वेगळी व तिचें अफ्लाटॉक्सिन विषहि वेगळें. तें यकृत बिघडवितें. कोंकणच्या पावसाळी हवेंत ज्या मक्यांत तेरा-चौदा टक्क्यांहून अधिक ओल आहे तो पोत्यांत टिकत नाहीं. लांकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि पंधरवड्यास पुरेल इतकाच सांठा, याहून दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

सौदा मालकांनीं पुढें ढकलला. मका बदलला. तीन आठवड्यांत सहाजणींची व पिलांची सूज उतरली. कित्येकांस येथेंच प्रकरण संपलें असें वाटेल. परंतु सूज गेल्यावर त्या सहा माद्या कोठें होत्या? साडेआठ महिन्यांच्या, बहुधा एकदांहि खऱ्या माजावर न आलेल्या. आतां खरा माज आणावयाचा होता.

नराचा सहवास

मालकांपाशीं नर होता, व तो शेजारच्याच कप्प्यांत सदोदित बांधलेला होता. त्याचें वय आठ महिन्यांच्या आसपास. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तो या सहा माद्यांचाच, त्याच वेतांतला भाऊ. लहान वाड्यांतून हें सर्रास चालतें, आणि यांत एकदम तीन चुका होतात.

पहिली चूक वयाची. इंग्लंडांत ब्रुक्स व कोल यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, योग्य वयांत नराशीं गांठ घालून दिली तर तरुण माद्या लौकर माजावर येतात. पुढें १९८१ सालीं कर्कवुड व ह्यूज यांनीं निरनिराळ्या वयांचे नर घेऊन पाहिलें, तेव्हां साडेसहा महिन्यांच्या नराचा कांहीं उपयोग होत नाहीं, अकरा महिन्यांच्या व दोन वर्षांच्या नराचा होतो, असें दिसून आलें. कारण नराच्या जबड्याखालील लाळग्रंथींत आहे. प्रौढ नर मादी दिसली कीं जबडा वाजवून तोंडाला फेंस आणतो. त्या फेंसांत विशिष्ट वासाचीं द्रव्यें असतात व तीं मादीच्या मेंदूपर्यंत चेतना पोहोंचवितात. ज्या नरांच्या या ग्रंथी शस्त्रक्रियेनें काढल्या होत्या त्यांचा माद्यांवर परिणाम झाला नाहीं. कोंवळ्या नराच्या तोंडाला हा फेंस पुरेसा येत नाहीं.

दुसरी चूक सततच्या शेजाराची. जो नर रात्रंदिवस पलीकडेच आहे त्याची मादीला संवय होते, व त्याच्या वासानें ती चाळवत नाहीं. नर दूर, नजरेआड बांधावा, आणि दिवसांतून एकदां, शक्य तर दोनदां, पंधरा ते वीस मिनिटें गांठ घालावी. कुंपणाआडून दाखविण्यापेक्षां नाकाला नाक लागेल अशी प्रत्यक्ष गांठ अधिक गुणकारी. मादीला नराच्या कप्प्यांत नेणें हें नराला मादीकडे आणण्यापेक्षां बरें. जागा बदलल्याचाहि परिणाम होतो. गाडींत घालून दुसऱ्या वाड्यांत नेलेल्या माद्या तीन-चार दिवसांनीं ते एका आठवड्यांत माजावर आल्याचें जें जुनीं माणसें सांगतात तें खोटें नव्हे. तरुण मादीच्या बाबतींत स्थलांतर व अनोळखी सोबत्यांची मिसळ यांचा तसा उपयोग होतो. मात्र गांठ घालतेवेळीं माणसानें तेथेंच उभें राहावें, नाहीं तर पहिल्या माजावर नको असलेलें भरणें घडून जाईल.

तिसरी चूक रक्ताची. भावाबहिणींच्या संकरापासून पिलें कमी व दुबळीं होतात, हें येथें फार लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

गांठ घालण्यास आरंभ कोणत्या वयांत करावा? साडेपांच महिन्यांच्या सुमारास, म्हणजे सुमारें एकशें साठ दिवसांनीं. त्याहून फार लौकर केला तर मादीची तयारी नसते, व नराची नुसती संवय होते. उशिरां केला तर ती चटकन् प्रतिसाद देते, परंतु मधले दिवस फुकट खाल्लेले असतात.

सुई

अलीकडे औषधाच्या दुकानांतून माज आणणाऱ्या सुया मिळतात, व सभासद आम्हांस त्यांचींच नांवें आधीं विचारतात. यांतील विशेष प्रसिद्ध मिश्रणांत घोडीच्या गाभणपणींच्या रक्तांतील स्रावाचे चारशें एकक व मानवी गर्भाच्या वारेंतील स्रावाचे दोनशें एकक असतात. जिला अजून माजच सुरू झालेला नाहीं अशा मादीस तें दिल्यास बहुधा पांच-सहा दिवसांत माज येतो. परंतु त्यानंतर सर्वच माद्या नियमानें एकवीस दिवसांनीं माजावर येत नाहींत. कांहीं पुनः गप्प बसतात. आणि जिचा माज आधींच चालूं आहे पण आपल्याला दिसला नाहीं, तिला ही सुई दिल्यास चालूं असलेलें चक्र बिघडतें. माज येत नाहीं म्हणून कापलेल्या माद्यांचीं अंडाशयें जेथें जेथें तपासलीं गेलीं तेथें त्यांपैकीं पुष्कळांत बीजें सुटल्याच्या ताज्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणजे दोष मादीचा नव्हता, पाहणाऱ्याचा होता. तेव्हां आधीं चांगला खुराक, मग तीन-चार आठवडे प्रौढ नराची नियमित गांठ, आणि त्यानेंहि न आल्यास पशुवैद्याकडून तपासून मगच सुई, हा क्रम मोडूं नये.

ज्यांस नर पोसणें परवडत नाहीं त्यांनीं कृत्रिम रेतनाचा विचार करावा. डुकराचें वीर्य गाईच्या वीर्याप्रमाणें गोठवून ठेवण्याची रीत व्यवहारांत फारशी रुळलेली नाहीं; तें द्रवरूपांत सतरा अंश उष्णतेवर ठेवितात व थोड्या दिवसांत वापरावें लागतें. गोव्यांत जुन्या गोव्यानजीक एला येथें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची जी संस्था आहे तिनें या कामांत लक्ष घातलेलें आहे. गोव्याच्या काळ्या गांवठी डुकरांची अगोंद गोवन ही जातहि कर्नालच्या पशु-अनुवंशिकी संस्थेच्या नोंदवहींत दाखल झाली आहे. ती जात अंगानें लहान खरी, पण दमट उकाडा सोसणारी.

उकाडा

डुकरास घाम जवळजवळ येतच नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरकडचा पारा चाळिशीला टेकूं लागला कीं पत्र्याखालची मादी खाणें टाकते, माज लांबतो किंवा मुका येतो, व भरविली तर पहिल्या महिन्यांतच गर्भ विरतात आणि मादी उलटते. पत्र्यावर पेंढा, दुपारीं अंगावर पाणी, खुराक पहांटे व रात्रीं, आणि पिण्यास भरपूर पाणी. यांत खर्चाचें कांहीं नाहीं. शक्य असेल त्यांनीं पहिलारूंचें भरणें सप्टेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत साधावें. पावसाळ्यांत भातशेतीलगतच्या वाड्यांस उंदीर व त्यांच्यामार्फत लेप्टोस्पायरा यांचा उपद्रव होतो व माद्या गाभडतात; त्याचा विचार स्वतंत्र लेखांत करूं.

आतां खरवईच्या सहा माद्यांचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. भाऊ असलेला नर मालकांनीं विकला व दीड वर्षाचा एक नर दुसऱ्या गांवाहून आणिला. नवें जनावर म्हणून त्याला आधीं तीन आठवडे वेगळें ठेवावें असें आम्हीं सुचविलें होतें. मालकांस घाई होती, तरी त्यांनीं तें पाळलें. नंतर रोज सकाळीं माद्या दोन-दोन करून त्याच्या कप्प्यांत नेल्या. आठव्या दिवशीं पहिलीनें ठाण दिलें, त्या आठवड्यांत आणखी दोघींनीं. त्यांचा पहिला माज सोडून दिला, तारखा भिंतीवर कोळशानें लिहिल्या, व दहा दिवसांनंतर खुराक वाढविला. दुसऱ्या माजावर पहिलीस १४ ऑक्टोबरला भरविली. डुकरिणीचे दिवस एकशें चौदा. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस हें जुनें माप बरोबर आहे. ती ५ फेब्रुवारीस विण्याची होती, ती एक दिवस आधीं व्याली. नऊ पिलें, त्यांत एक मेलेलें. तिच्यामागून दोघी आठवड्याच्या आंत व्याल्या. चौथी व पांचवी उशिरां आल्या व हें लिहितेवेळीं गाभण आहेत. सहावी महिनाभर गांठ घालूनहि आली नाहीं. पशुवैद्यांनीं तपासून सुई दिली, तिचाहि उपयोग झाला नाहीं. ती मालकांनीं विकली.